नुसतं ‘पानी’

लॅपटॉपच्या पडद्यावर ‘तुमचे पर्यावरण तयार होत आहे’ अशी ओळ आली तेव्हा माय माझ्या मागे तांदूळ निवडत बसली होती. माय सातवी शिकलेली आहे आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायची तिला सवय आहे, बिस्किटाच्या पुड्यावरचं सुद्धा. तिनं ती ओळ वाचली आणि विचारलं, “पर्यावरन म्हंजे झाडं लावायचं ना?”

मी म्हटलं, “न्हाई गं. एक कंपनी जागा देऊन राहिली. कॉम्प्युटरमधली. तिथं बसून शिकायचं.”

“फुकटात?”

“व्हय.”

“मंग घे,” माय म्हणाली. “पन सही कुठंच करू नको.”

पुण्याच्या एका कंपनीत मी टेस्टर होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. दुसऱ्याच्या चुका काढायची खोड मला लहानपणापासूनच, त्यामुळे नोकरी मानवली होती. दसऱ्याच्या सुमारास दादांना लकवा मारला. दादा म्हणजे माझे वडील. घरात आणि गावात सगळे त्यांना दादाच म्हणतात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण बोलायला गेले की घशातून एकच ‘अं’ निघायचा. आम्ही दोघी मायलेकी त्यांना घेऊन नांदेडच्या दवाखान्यात राहिलो, दिवाळीही तिथंच झाली. तिथल्याच जिन्यात बसून मी कंपनीचा व्हिडिओ कॉल घेतला आणि एका हसऱ्या मुलीनं मला सांगितलं की माझी आता गरज उरलेली नाही. शेवटी ती ‘काळजी घ्या’ असंही म्हणाली. तिच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, पण ती पडद्यात होती आणि फोन माझा होता.

घरी परतलो तेव्हा आणखी एक गोष्ट गेलेली होती. आमचं गाव कुरुंद्याच्या बाजूला आहे, तिकडं हळदच हळद. दादा एरवी कमी बोलायचे, पण हळदीवर बोलायला लागले की ताटातलं जेवण थंड व्हायचं. दवाखान्यात जाताना मायनं रानाला पाणी द्यायचं काम दादांच्या चुलतभावावर, म्हणजे काकांवर सोपवलं होतं. आमची मोटर जळाली. काकांनी स्वतःच्या रानाला पाणी दिलं आणि आम्हाला काही कळवलं नाही. “तुमी आधीच तकलीफमधी, आनखी कशाला ताप,” असं ते नंतर म्हणाले. पाऊस कधीचाच उघडला होता. हळदीची पानं करपून आडवी झाली होती आणि खाली गड्डे पोसलेच नव्हते.

मायनं बांधावर उभं राहून ते सगळं पाहिलं. घरी आली, पाय धुतले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “यांना काहीच सांगायचं न्हाई. डॉक्टर काय म्हनले? डोक्याला ताप द्यायचा न्हाई.” मग तिनं ते रान काकांनाच बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दिलं. त्यांनी रोटा मारून करपलेली हळद मातीत गाडली आणि हरभरा पेरला. दादांना यातलं काही कळलं नाही, कारण त्यांना विचारता येत नव्हतं.

मला नोकरी पाहिजे होती. ज्या त्या जाहिरातीत आता ‘लो-कोड’ येतं का म्हणून विचारतात. म्हणजे कोड फारसा लिहायचा नाही. तयार बटणं, चौकटी, चित्रं ओढून आणायची, पडद्यावर मांडायची, त्यांना जोडायला दोन-चार ओळी लिहायच्या आणि अ‍ॅप तयार. एक मोठी परदेशी कंपनी हे शिकायला फुकट जागा देते. इंग्रजीत तिला डेव्हलपर एन्व्हायर्नमेंट म्हणतात. माझ्या लॅपटॉपची भाषा मराठी, म्हणून ते ‘विकसक पर्यावरण’ होऊन बसलं होतं. ज्यानं हे भाषांतर केलं त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

नेहमीचा ईमेल टाकला तर उत्तर आलं, वैयक्तिक पत्ता चालत नाही, ऑफिसचा किंवा शाळेचा द्या. ऑफिसनं तर माझा पत्ता नुकताच काढून घेतला होता. नोकरी नाही म्हणून शिकायचं, आणि शिकायला पत्ता नोकरीचा पाहिजे. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, तसा मला कॉलेजचा ईमेल आठवला. कॉलेज सोडून वर्षं लोटली तरी तो कुणी बंद केला नव्हता. आपल्याकडच्या ढिसाळपणाचे असे उपकारही असतात. मग देश निवडला, अटी न वाचता मान्य केल्या आणि ते पर्यावरण तयार व्हायची वाट पाहत बसले. घरात नेट एकाच ठिकाणी धड लागायचं, ओसरीवर, दादांच्या खाटेच्या पायथ्याशी. त्यामुळे माझं ऑफिस तिथंच झालं.

पहिला धडा होता रजेच्या अर्जाचं अ‍ॅप बनवण्याचा. नोकरी गेलेल्या बाईनं रजेचा अर्ज बनवायचा! मी तो धडा बंद केला. समोर दादा ‘अं, अं’ करून राहिले होते आणि माय एकेक विचारत होती, “पानी? चहा? पोट दुखून राहिलं? मंग काय, सांगा तरी!” ज्याला बोलता येत नाही त्याला म्हणत होती, सांगा तरी. दादा चिडून डाव्या हातानं खाटेच्या पट्टीवर मारायला लागले. माय रडकुंडीला आली. तेव्हाच मी ठरवलं की पहिलं अ‍ॅप यांचं.

अ‍ॅप साधंच होतं. पडद्यावर मोठमोठी बटणं, प्रत्येकावर घरातल्याच वस्तूचा फोटो, आणि दाबलं की आवाज. पाण्यासाठी आमचा तांब्या, चहासाठी दादांची बशी, मग भाकर, पंखा, गोळी. खाली दोन बटणं, व्हय आणि न्हाई. माझा जुना फोन मी त्यांच्या डाव्या हाताशी उशीला टेकवून ठेवला. आधी आवाज मशीनचाच घेतला होता. दादांनी तांब्यावर बोट ठेवलं आणि फोन बातम्या दिल्यासारखा म्हणाला, “मला पिण्यासाठी पाणी हवे आहे.” घरात तहसीलदार आल्यावर पाहावं तसे दादा माझ्याकडे पाहायला लागले.

म्हणून मायचा आवाज भरायचं ठरलं. मी फोन तिच्यासमोर धरला आणि सांगितलं, “म्हण, पानी दे.”

माय लाजली. “मी कशी म्हनू? ते मला म्हनतात पानी दे. आता मी मलाच म्हनू का?”

“मंग ‘पानी द्या’ म्हण.”

“द्या? ते जल्मात मला द्या म्हनले का? लोक काय म्हनतील, लकवा मारल्यावर बायकूला अहो-जाहो करून राहिले!”

खाटेवर दादा अर्ध्या तोंडानं हसत होते. दुसरी अर्धी बाजू तशीच लोंबत होती, पण ते हसू होतं. दवाखान्यातून आल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिला मुद्दाम आणखी छळलं. शेवटी ती म्हणाली, “नुसतं पानी म्हनते. दे का द्या, ऐकनाऱ्यानं समजून घ्यावं.” आणि तिनं स्पष्ट आवाजात म्हटलं, “पानी.” पुढचे शब्दही तसेच भरले. चहा. भाकर. पंखा. गोळी. एकालाही क्रियापद नाही.

पहिले काही दिवस घर सुधारलं. दादा चहा म्हणायचे, चहा यायचा. पंखा म्हणायचे, पंखा लागायचा. अ‍ॅपच्या पानावर वरच्या बाजूला एक सूचना होती, ‘हे पर्यावरण केवळ शिकण्यासाठी व चाचणीसाठी आहे, प्रत्यक्ष कामासाठी वापरू नये.’ आमच्या घरात प्रत्यक्ष कामाला तेवढंच होतं.

मग पाण्याचं सुरू झालं. दादा पानी म्हणायचे, माय तांब्या घेऊन धावायची. तोंडाला लावला की ते मान फिरवायचे, पाणी गळ्यावरून उशीत जायचं. माय गळा पुसते न पुसते तोच पुन्हा, “पानी.” पुन्हा तांब्या, पुन्हा मान तिकडं. सकाळी सकाळी हे चालायचं तर चालायचंच. एकदा त्यांनी तांब्याला हात मारला, तो घरंगळत अंगणात गेला. माय उंबऱ्यात बसून म्हणाली, “डोकं बी गेलं वाटते यांचं. आता काय करावं गं माय.” 

मी टेस्टर. मला वाटलं, अ‍ॅपमध्येच चूक आहे. हात थरथरतो म्हणून बटण दोनदा दाबलं जात असेल. मी एक ओळ लिहून अशी सोय केली की बटण एकदा दाबलं की थोडा वेळ दुसऱ्यांदा दाबलंच जाऊ नये. काम फत्ते झाल्यासारखी मी चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी दादा त्या मेलेल्या बटणावर बोट आपटत राहिले, आवाज येईना, आणि त्यांच्या डोळ्यांत असा राग होता की मला तिथून उठावंसं वाटलं.

चूक का होते हे कळत नसेल तर ती कधी होते ते पाहावं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. मी पाहत बसले. शेतीची लाईन, म्हणजे मोटरची वीज, आमच्याकडे पाळीनं येते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्या आठवड्यात ती सकाळची होती. घरामागं जरा अंतरावर काकांची विहीर आहे. लाईन आली, काकांची मोटर घुं करून सुरू झाली, दादांनी कान टवकारले आणि बोट तांब्याच्या फोटोवर ठेवलं. “पानी.”

मी खाटेवर त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, “दादा, प्यायचं न्हाई ना? रानातलं पानी म्हनून राहिले का तुमी?”

त्यांनी बटण दाबलं नाही. आधी माझं मनगट धरलं, घट्ट, आणि लहान लेकरागत रडायला लागले. इतके दिवस ते रोज विचारत होते, हळदीला पानी दिलं का, आणि आम्ही त्यांच्या तोंडात तांब्या कोंबत होतो. मग मनगट सोडून त्यांनी दाबलं, “व्हय.”

स्वतःचाच आवाज ऐकून माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. “काय व्हय?”

मी सांगितलं. तिचा चेहरा पडला. पदरानं हात पुसत पुसत, दादांकडे न पाहता ती म्हणाली, “दिलं ना. समद्या हळदीला पानी दिलं. सगळं बराबर हाय. तुमी नका इचार करू.” दादांनी डोळे मिटले आणि त्या दिवशी ते दुपारपर्यंत गाढ झोपले.

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. मोटर सुरू झाली की “पानी”, आणि मायचं आतूनच उत्तर, “दिलं.” तिचाच आवाज विचारायचा आणि तिचाच आवाज उत्तर द्यायचा. मला ते ऐकवेना. एकदा चुलीपाशी मी तिला धरलं. “किती दिवस खोटं बोलनार?”

“जितके दिवस निघतील तितके.”

“त्यांचं रान हाय, माय.”

“रान त्यांचं, मानूस माझा,” माय म्हणाली. “रान गेलं ते गेलं. मानूस राहू दे मला.” माझा राग गेला नाही, आणि त्या रागातच मी अ‍ॅपमध्ये एक बटण वाढवलं, हळदीचं. माणसाला विचारायचं ते पूर्ण विचारता यावं, एवढंच माझ्या मनात होतं. माय म्हणाली, “हळद मी म्हननार न्हाई.” तेवढा एक शब्द मग मी माझ्या आवाजात भरला. दादांनी दोन्ही बटणं ओळीनं दाबली, “हळद. पानी.” लकव्यानंतरचं त्यांचं ते पहिलं वाक्य, अर्धं माझ्या आवाजात, अर्धं मायच्या. मायनं आतून सांगितलं, “दिलं.”

खोटं पाण्यावर निभतं, वासावर निभत नाही. उन्हं तापायला लागली आणि गावात हळद निघाली. ओली हळद शिजवायचा मोठा कुकर ट्रॅक्टरला जोडून दारोदार फिरतो. ज्याच्या दारात तो लागला त्याच्या अंगणात हळद वाळत पडते, आणि शिजत्या हळदीचा वास साऱ्या गल्लीला लागतो. त्या दिवसांत आमच्या गावात कपड्यांना, भाकरीला, सगळ्यालाच तो वास असतो. दादा खाटेवर पडून नाक वर करून तो घ्यायचे आणि दाराकडं पाहायचे. आमचं अंगण दारातून पुरतं दिसतं. तिथं मायनं शेणानं सारवलेली रिकामी जमीन होती.

“हळद,” ते म्हणायचे.

“आपला बी नंबर लागन,” माय म्हणायची. “गर्दी हाय कुकरला.”

कुकर शेजारी लागला. मग काकांच्या दारात लागला. मग एका सकाळी तो ट्रॅक्टर आमच्या दारावरून न थांबता पुढं गेला, पुढच्या गावाला. दादांनी त्याचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकला. मग त्यांनी बटण दाबलं. “हळद.” माय उठली. “हळद.” ती आत गेली. थोडं थांबून पुन्हा, “हळद.” माझाच आवाज मला विचारत होता.

मी फोन बाजूला सरकवला आणि त्यांचा हात हातात घेतला. “गेली, दादा. वाळली सगळी. मोटर जळाली व्हती, पानीच न्हाई भेटलं तिला. आमी न्हवतो इथं. आमी तुमच्यापाशी व्हतो, नांदेडला.”

तुमच्यापाशी होतो, हे मी धीर द्यायला म्हटलं. बोलून गेले आणि त्यांना ते ‘तुमच्यापायी गेली’ असं ऐकू गेलं असेल हे माझ्या ध्यानात आलं. ते रडले नाहीत, खाटेवर मारलं नाही. माझ्या हातातून त्यांनी आपला हात सावकाश काढून घेतला आणि छातीवर ठेवला. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. संध्याकाळी पीठ मळता मळता माय मला एवढंच म्हणाली, “झालं समाधान?”

मला वाटलं, राग आहे, चार दिवसांत उतरेल. दुसऱ्या दिवशी लाईन आली, मोटर सुरू झाली आणि दादा छताकडं पाहत पडून राहिले. मी फोन हाताशी आणून ठेवला. चहाच्या वेळी बोट धरून बशीच्या फोटोवर नेलं. बोट तिथं नुसतं पडून राहिलं. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, डावा हात उत्तम आहे, दुसरा झटकाबिटका काही आलेला नाही. म्हणजे दाबता येत होतं. मी बटणं मोठी केली, रंग बदलले, मायकडून पुन्हा आवाज भरून घेतला, या खेपेला ती न लाजता ‘पानी दे’ सुद्धा म्हणाली. दादांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मला फार अपराधी वाटायचं, आणि मायवर रागही यायचा, आणि यातलं काहीच त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

मधे एका कंपनीनं फोनवर मुलाखत घेतली. काय बनवलंय, विचारलं. मी दादांचं अ‍ॅप सांगितलं, शेवट वगळून. “फार हृदयस्पर्शी आहे,” असं म्हणाले, आणि पुन्हा फोन केला नाही.

मग त्या परदेशी कंपनीचा मेल आला. ‘तुमच्या पर्यावरणात बऱ्याच काळापासून कोणतीही हालचाल आढळलेली नाही. ते लवकरच हटवले जाईल.’ खाली एक बटण होतं. ते दाबलं की सगळं राहिलं असतं. त्यांची मराठी पहिल्यांदाच मला बरोबर वाटली.

मी अ‍ॅप उघडून फोन दादांसमोर धरला. “दादा, हे बंद व्हऊन राहिलं. ठेवू का? व्हय नाहीतर न्हाई, एवढंच दाबा. न्हाई दाबलं तरी चालते. पन एक दाबा.” त्यांनी बटणांकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. डोळे स्वच्छ होते, समजलं सगळं होतं. डावा हात पांघरुणावर होता. माझा हात भरून येईपर्यंत मी फोन धरून बसले. मग त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मेलमधलं ते बटण मी दाबलं नाही.

वैशाखात सेनगावहून आत्या आली, दादांची बहीण. जीपमधून उतरली ती तशीच खाटेशी येऊन बसली, त्यांचे पाय दाबायला लागली, आणि मायला विचारलं, कसं काय आहे आता. माय चमच्यानं दादांना पाणी पाजत होती. आता आम्ही पाणी ठरल्या वेळी पाजतो. ते तोंड उघडतात, गिळतात, उघडतात, गिळतात.

“लई बरं हाय आता, वन्सं,” माय त्यांची हनुवटी पुसत म्हणाली. तिच्या आवाजात खरंच समाधान होतं. “चिडत न्हाईत का काही न्हाई. काहीच मागत न्हाईत.”

“देवानं ऐकलं बाई,” आत्या म्हणाली.

दादा जागे होते.